दुसरं अर्धवर्तुळ

६ जानेवारी
विभागप्रमुख जोशींचा फोन. जुनी प्रयोगशाळा रिकामी करतायत, तुमची रजिस्टरं घेऊन जा. शिवाय २८ला माझा सत्कार, 'दुसऱ्या अर्धवर्तुळा'वर बोलायचं. सुमन म्हणाली, "चला, कपाटातला कोट एकदाचा बाहेर निघेल." इतक्या वर्षांत एकाने साधी चौकशी... असो.

८ जानेवारी
रजिस्टरं आणली. कोथरूडच्या या घरात जागा कुठली, पलंगाखाली सारली. पानांना अजून आम्लाचा वास.
काय दिवस होते. इलेक्ट्रोडला उलटसुलट विजेचा हलकासा धक्का द्यायचा, दहा मिलिव्होल्ट, जास्त नाही. तो किती रेंगाळत उत्तर देतो ते टिपायचं. वारंवारिता बदलत जायची, बिंदू जोडले की कागदावर अर्धवर्तुळ. बाकीच्यांना एकच मिळायचं. मला दोन. दुसरं इवलंसं, डावीकडे. मी म्हटलं, ही अभिक्रियेतली लपलेली पायरी. बढती, नाव, सगळं त्या इवल्याशावर.
सर्वांत संथ मापनाचा एक फेरा म्हणजे पाचवीतल्या कवितेचं एक कडवं म्हणण्याइतका वेळ. मी सुरू करायचो, शबनम ओळ पुरी करायची. माझी विद्यार्थिनी. तिच्या अब्बांनी पाठ करून घेतलेली.

११ जानेवारी
नको ते पान सापडलं. शबनमचं अक्षर: "संदर्भ इलेक्ट्रोड नवा लावला. दुसरे अर्धवर्तुळ नाहीसे." त्यावर माझी लाल शाई: "हाताची चूक. पुन्हा करा."
तिने पुन्हा केलं. एकूण तीनदा. तिन्हीदा तेच. चौथं पान दुसऱ्याच्या अक्षरात, जुन्या इलेक्ट्रोडवर, अर्धवर्तुळं दोन. तिला मी त्या कामावरून काढलं होतं. महिन्याभरात पीएच.डी. सोडून गेली.
तो जुना संदर्भ इलेक्ट्रोड, ज्याच्याशी ताडून सगळं मोजायचं, तो 'सरांचा'. कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला बाकी यंत्रांना एकेक झेंडू, त्याला हार. दरवर्षी पूजा. साफ कुणी केला नाही.

१५ जानेवारी
जोशींकडे गेलो. म्हटलं, एकदा करून बघू. इलेक्ट्रोड कपाटात शोभेला ठेवलेला, देठाला अजून कुंकू. टोक मिठाने पार बुजलेलं. त्या इलेक्ट्रोडने मोजलं: दोन. नव्या इलेक्ट्रोडने मोजलं: एक.
म्हणजे ती पायरी अभिक्रियेत नव्हतीच. त्या बुजलेल्या टोकात होती.
जोशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "सर, हे भाषणात नको. लोक जेवायला येणार आहेत."

१९ जानेवारी
विश्रांतवाडी. दोन बस बदलून. शबनम तिथे अकरावी-बारावीचे क्लास घेते. केस पांढरे झालेत, 'सर' मात्र तसंच म्हणते. चहा दिला, गुडघ्यांची चौकशी केली. मी रजिस्टर पुढे केलं, चूक माझी होती म्हणालो. तिने उघडलंही नाही.
"चूक होती हे मला तेव्हाच माहीत होतं, सर. तुम्हाला तेव्हा माहीत होतं का, एवढंच सांगा."
मग काय सुचलं देव जाणे, तीच पाचवीतली कविता सुरू केली. अर्ध्या ओळीवर थांबलो, पूर्वीसारखा.
तिने पुरी केली नाही. कप उचलून आत गेली.
निघताना सत्काराची पत्रिका टेबलावर ठेवली. ती का ठेवली, मलाही...

२४ जानेवारी
शबनमने तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा मी तिच्या मागे उभा होतो. बिंदू एकेक उमटत होते. डावीकडे काही नव्हतं. ओठांवर कडवं होतं, ते तिथेच थांबलं. तिने मान वळवून पाहिलं. मी लाल पेन मागितलं.
हे लिहायला इतकी वर्षं लागली, आणि लिहिलं ते या वहीत. तिला नाही.

२८ जानेवारी, सकाळ
कोट घट्ट झालाय. सुमन म्हणते, श्वास घेऊ नका, म्हणजे बसेल.
शबनमचा निरोप: येते आहे, मागच्या रांगेत बसेन.
पाठोपाठ जोशी. पडद्यावर कुठला आलेख लावू, दोनवालाच ना? म्हटलं, दोन्ही आणून ठेवा. "बरं" म्हणाले, तेही 'सर' न लावता.
मागच्या रांगेतून पडदा नीट दिसतो का, हे विचारायचं राहिलं.