बोकडानं अंग झाडलं नाई

बोथ,
२ एप्रिल १९९६

प्रिय मारोती,

प्रिय लिहावं लागते म्हून लिहिलं. तुझं पत्र शुक्रवारी भेटलं. तुह्या पंचफुलाचं लग्न जमलं, पोरगा बाजारहत्नूरकडचा, शाळेत मास्तर आहे, वाचून डोळ्यांत पाणी आलं. खोटं कायले सांगू? मंग सख्ख्या बहिणीले लिहिलेल्या खालच्या ओळी वाचल्या. बाई, तू लग्नाले ये, पण हळदीले येऊ नको, अक्षता पडल्या की मंग ये. पोचम्मा देवीनं तुले नाकारल्याची गोष्ट पोराकडच्यांच्या कानावर गेली आहे, पोरीचं शुभकार्य आहे, समजून घे. घेतलं समजून. नऊ वर्षं तेच करून राह्यली. चार दिवस भाकर गोड लागली नाई. आज मी रांधते त्या वसतिगृहातल्या पोरायचं जेवण आटोपलं अन् लिहायले बसली. आता मले लिहिता येते. भाजी निवडता निवडता त्या पोरायपाशीच शिकली.

तुझं शेतातलं काम सुटलं, तवा तू बायको-पोरीले घेऊन माह्या सासरच्या गावाले आला. सासूबाईले, जयवंताबाईले, मीच गळ घातली, अन् तिनं घरच्या बकऱ्या तुह्या हवाली केल्या. अंगमेहनतीचा तू कधीच नव्हता, पण जनावर तुह्या मागं मागं फिरे. मंग त्या हिवाळ्यात नागपूरची ती जंगल हिंडणारी मंडळी आली, पाठीवर अर्धं घर घेऊन. चार-चार दिवस डोंगरात राहायचं, अन् सामानाखाली वाकून चालायचं. गाढव काट्यात शिरत नाई, बैल खडकावर चढत नाई. बोकड दोन्ही करते. त्यायचं सामान बोकडांच्या पाठीवर लादायचं, हे तुह्याच डोक्यात आलं, अन् चांगलं आलं, हे मी आजही म्हणते.

पहिले नुसतं पोतं घडी करून पाठीवर टाकलं. मंग दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या. त्या मीच शिवल्या, जुन्या सतरंजीच्या, पोटाखालून अन् छातीवरून पट्टा देऊन. दोन्हीकडे वजन सारखं पायजे, नाई तर ओझं पोटाखाली सरकते. आधी पाला भरला, मंग वाळू. सगळं शिकले ते, पण एक खोड जाईना. अंगावर दव पडलं, पाण्याचा थेंब पडला, की बोकड सारं अंग झाडून देते अन् पिशव्या सैल पडते. म्हून तू त्यायले रोज नाल्याकाठी नेऊन अंगावर पाणी शिंपडायचा. झाडलं की पुन्हा पहिल्यापासून. झाडलं नाई की मूठभर बाभळीच्या शेंगा. शेंगा पंचफुला वेचून आणे, आठ वर्षांची होती. महिन्याभरात डोक्यावर लोटा उपडा केला तरी ते उभेच्या उभे. तू हसला, मीही हसली.

चार बोकड लागत होते अन् तयार तीनच होते. चौथा, सगळ्यांत तगडा, तो माह्या पोराच्या नवसाचा. लग्नाच्या बारा वर्षांनी झालेलं माहं पोरगं तापातून उठलं, म्हून सासूबाईनं तो पोचम्माले बोलला होता. देवाच्या बोकडावर ओझं टाकू नये, हे लेकरालेही समजते. मी तुले तसं म्हटलंही. तू म्हटलं, एका हिवाळ्यापुरता, बाई, जंगलातच लादतो अन् जंगलातच उतरवतो, घरी कोणाले खबर लागत नाई. मी होय म्हटलं. एवढी चूक माही, ती मी कधी नाकारली नाई.

आषाढात नवस फेडायचा दिवस आला. सारं गाव जमलं. बोकडाच्या गळ्यात लिंबाचा पाला, कपाळाले हळद. अंगावर पाणी टाकल्यावर त्यानं अंग झाडलं म्हणजे पोचम्मानं घेतला, नाई झाडलं म्हणजे नाकारला, ही आपल्याकडची रीत तुले काय सांगावी? पण तू अन् मी, दोघंही ती महिनाभर विसरून गेलो होतो. पुजाऱ्यानं पहिला लोटा टाकला. मंग दुसरा. मंग घागर. दुपार झाली. बोकड शहाण्यावानी उभा, अन् मान वळवून गर्दीत तुले हुडकून राह्यला, शेंगा देशील म्हून. तो काऊन झाडत नाई, हे तिथं आपल्या दोघायलेच समजत होतं. मी तुह्याकडे पाहत होती. तू तोंड उघडलं असतं तर मी पुढे होऊन म्हटलं असतं, मीच होय म्हटलं होतं, मारायचं तर मले मारा. तू आपल्या चपलांकडे पाहत राह्यला.

पुजारी म्हणाला, पोराच्या मायमधी खोट आहे, तिच्या घरचं देवी घेत नाई. संध्याकाळी मले चुलीपासून उठवलं. तिसऱ्या दिवशी पोर काखेतून ओढून घेतलं, दोन वर्षांचं. तवा मात्र मी बोलली. सगळं सांगितलं, पिशव्यांपासून शेंगांपर्यंत. तुह्या भाऊजींनी तुले देवळापाशी उभं करून विचारलं. तू पोचम्माच्या पायाले हात लावला अन् म्हटलं, नवसाच्या बोकडावर मी काडीचंही ओझं टाकलं नाई, बाई पोरासाठी खोटं बोलून राह्यली. झालं. नाकारलेली तर होतीच, खोटारडीही ठरली, अन् मले घराबाहेर काढलं.

पुढं तू मले म्हटलं, खरं बोललो असतो तर गावानं माहे पाय मोडले असते. मोडले असते, मी नाई म्हणत नाई. पाय जुळते रे. माहं पोरगं आता अकरा वर्षांचं आहे. बाजारच्या दिवशी दिसते, नव्या मायसंगं. मागच्या महिन्यात माह्या पिशवीतले कांदे सांडले, ते त्यानं वेचून देल्ले अन् मले मावशी म्हटलं. अन् देवीनं नाकारलेला तो बोकड गावात कोणी ठेवीना, तो तू गाव सोडताना संगं घेऊन गेला अन् पाच हिवाळे सगळ्यांच्या पुढं चालवला. नागपूरचे लोक त्याचे फोटो काढत. तुझं टिनाचं घर त्याच्याच पाठीवर उभं राह्यलं. त्या घरी मी कधी पाण्याचा घोट मागितला नाई.

तुले वाचता येत नाई, मारोती. तुझं पत्र पंचफुलाच्या अक्षरात होतं. आत्यानं हळदीले येऊ नये, हे तू तिच्याच हातून लिहून घेतलं. तवा हेही तीच तुले वाचून दाखवत असन. पंचफुले, पोरी, मी हे तुह्यासाठीच लिहिलं. बापानं मधातच थांबवलं असन तर आत जाऊन एकटी वाचजो. मास्तरच्या घरी जाशील, तिथं कोणी तुह्या आत्याची गोष्ट काढली तर तुले ती खरी माहीत असावी. हळद तुझी आहे. ती आत्यानं लावावी का नाई, तूच ठरवजो अन् निरोप धाडजो. बापाले विचारू नको. त्याले एकदा विचारून झालं आहे.

पंचफुले, तुझीच,
मनकर्णा आत्या