तंजावरच्या लॉजचा जिना

शारजा, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८

तारीख घालायला विसरलीस ना, विसराळू बाई? रोजनिशी माझी, लिहिणारी तू नात, आणि आठवण मीच करायची! लिही. तंजावरला माझी ताई शेवटच्या दुखण्यात आहे. तिच्या खोलीत माझ्यापुरतीही जागा नाही. समोर जुनं लॉज आहे, पण जिना उभा. तुझा बाबा म्हणतो, “आई, गुडघे बघ तुझे. गावाबाहेरचं हॉटेल घेऊ, लिफ्ट आहे.” अरे, तिथे ताईची हाक मला कशी ऐकू येणार? जिना मी बसत बसत चढेन. चढेन ना? “आजी, यू कान्ट,” म्हणतेस. मग काय, खालीच पायरीवर बसेन. पण लॉज तेच. आणि उद्याच कुरिअरने मेतकूट पाठवा. ताईला म्हणावं, भात धाकटी येऊन कालवेल, तोवर थांब.