केसरबाईच्या घरापुढचं शून्य

शनिवार, संध्याकाळ. इंदूर

नदीचं पाणी घाटाच्या, वरून मोजलं तर चौथ्या पायरीवर आलंय. आत्ताच बघून आलो.

पूर अडवायला काठावर भिंत बांधायची होती, तिचा सरकारी हिशोब मीच केला होता. एकीकडे भिंतीचा खर्च, दुसरीकडे वाचणाऱ्या घरांची किंमत. वही घेऊन घरोघर फिरलो, पण किंमत कराच्या रजिस्टरातलीच धरायची होती. काठावरच्या झोपड्या रजिस्टरात नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे शून्य लिहिलं. भिंत परवडत नाही असं ठरलं आणि फाइल नव्या राजधानीला, भोपाळला गेली. नियमच तसा होता ना? मग भीती कसली वाटते?

आमच्याकडे भांडी घासणारी केसरबाई त्याच झोपड्यांत राहते. तिला म्हटलं, पोरांना घेऊन आमच्याकडे चल. ती हसली. "बाबूजी, आप ही तो गिनके गए थे. सरकार को मालूम है हम यहाँ हैं. पानी चढ़ेगा तो बताने आएगी."

मी परत आलो.

पाऊस थांबत नाही. पुन्हा जाऊन बघितलं, चौथी पायरी दिसत नाही. छत्री घेतोय. आता तिला ते शून्य सांगावंच लागेल, नाहीतर ती उठायची नाही.