कोट, पॅराशूट आणि कच्चा टाका

तीर्थस्वरूप दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकण्याचा विषय काढला म्हणून लगेच पत्र मिटू नकोस, पुढे वाच.)

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. वहिनीकडून खबर मिळत असते: गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात आहे, आणि माझं नाव निघालं की तू उठून पंखा पुसायला घेतोस. दोन वर्षांत घरातले पंखे अगदी लखलखीत झाले असतील. तुझ्या लेकीच्या लग्नात फोटोसाठी खुर्चीवर बसायला म्हणून तू वाकलास आणि मी शिवलेला कोट मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन उसवला, तेव्हापासूनचा हा अबोला. (त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत तू भिंतीला टेकून उभा आहेस.) तू चारचौघांत म्हणालास, हिच्या टाक्यावर भरवसा ठेवला तो मीच मूर्ख. मीही उचलली जीभ लावली टाळ्याला आणि म्हणाले, माप दिलेलं पोट वेगळं आणि लग्नात आणलेलं पोट वेगळं. असो. आज तो विषय नाही. आज कळवायचं ते इतकंच, की येत्या रविवारी सकाळी मी विमानातून उडी मारणार आहे.

बस खाली. पॅराशूट घेऊन मारणार आहे.

झालं असं, की गावाबाहेर उड्या शिकवण्याचं केंद्र आहे, तिथल्या वर्गखोलीचे पडदे शिवायचं काम मला मिळालं. मी खिडक्यांची मापं घ्यायला गेले, तर आत सहा जण बाकांवर पालथे पडून हातपाय वर उचलून होते आणि शिट्टीवाल्या मॅडम त्यांच्यामधून फिरत होत्या. आता असं दृश्य समोर असताना कोण खिडक्या मोजेल? मी विचारलं, हे काय चाललंय? हवेत पोट पुढे काढून पडलं की माणूस गटांगळ्या खात नाही, असं त्यांनी सांगितलं. मग मी विचारलं, का खात नाही? आणि मान कुठे ठेवायची? आणि चष्मा? अकराव्या प्रश्नाला मॅडमनी शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, पडदे राहू द्या, तुम्ही वर्गातच बसा." जित्याची खोड, दादा. मी बसले.

(खिडक्या अजून उघड्याच आहेत. वर्गात ऊन येतं.)

शिकवणं मोठं मजेचं आहे. विमानाबाहेर पडल्यावर आकडे मोजायचे, पण एकपासून नाही, एक हजार एक, एक हजार दोन असे. हजाराची काय गरज, असं मी विचारलं. तर म्हणे, घाबरलेला माणूस एक ते पाच एका दमात म्हणून टाकतो, हजार लावले की जीभ आपोआप थांबते. पाचाला वर बघायचं, तोवर पॅराशूट आपोआप उघडायला हवं. पॅराशूट पूर्ण उघडलं असेल तर देवाचे आभार, नसेल तर छातीवरची मूठ ओढून दुसरं उघडायचं. उतरताना पाय जुळवून, गुडघे सैल सोडून कुशीवर लोळायचं. याचा सराव मी दुकानात कापडं बेतायच्या टेबलावरून करते. परवा पँट आखूड करायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने मला जमिनीवर लोळताना पाहिलं, "नंतर येतो" म्हणाला आणि पँट न घेताच गेला.

मग छताला टांगलेल्या पट्ट्यांमध्ये आपल्याला अडकवतात. बाकीचे पाच-पाच मिनिटांत उतरले. मी वीस मिनिटं लटकले, कारण खांद्यावरची शिलाई नाकासमोर होती. काय काम होतं म्हणून सांगू! चार ओळी, मध्ये फुली, एकही टाका मागेपुढे नाही. कोणी शिवलं, दोरा कुठला, मशीन कुठली, असं मी वरूनच विचारत राहिले. शेवटी मॅडमनी मला उतरवून घडीवाल्या काकांच्या खोलीत नेऊन सोडलं.

या काकांचं काम एकच: लांबच्या लांब टेबलावर ती दुसरी, अडीअडचणीची पॅराशूटं तपासून घडी घालून ठेवायची. बोलत नाहीत फारसे. प्रत्येक घडी झाली की खिशातून पेन काढतात, एका छोट्या कार्डावर तारीख घालतात, सही करतात आणि कार्ड पॅराशूटच्याच कप्प्यात सरकवतात. मी विचारलं, सही कशाला? ते म्हणाले, "चुकलं तर कोणाचं चुकलं ते शोधत बसायला नको." बस, एवढंच बोलले आणि पुढची घडी घालायला लागले. मला नंतर एकही प्रश्न सुचला नाही. मॅडम दारातून बघत होत्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

तर असं आहे सगळं. वहिनीला नमस्कार, लेकीला आशीर्वाद. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
धाकटी
(वय चोपन्न. वजन उडीच्या फॉर्मवर लिहिलं आहे, पुन्हा लिहिणार नाही.)

ता. क. फॉर्मवर एक रकाना आहे, "आपत्तीत कोणाला कळवावे". मी तुझं नाव आणि नंबर लिहिला आहे. न विचारता लिहिला. दुसरं नाव आठवेना. शनिवारी दुपारी चार वाजता केंद्रवाले फोन करून घरच्यांना माहीत आहे का विचारतात. कोणी उचलला नाही तर उडी नाही. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस हे मला माहीत आहे. हा उचल. ओरडलास तरी चालेल, पण आधी "हो" म्हण आणि मग ओरड.

ता. क. २. लग्नानंतर आठ दिवसांनी वहिनीने तो कोट माझ्याकडे दुरुस्तीला पाठवला होता. पाठीच्या शिवणीत पांढरा दोरा होता, दादा. कच्चा टाका. घाईत त्यावर मशीन मारायचीच राहिली होती. दोन वर्षं मला माहीत आहे आणि दोन वर्षं मी तुझ्या पोटाला नावं ठेवते आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मला लाज वाटते. पोटाचा काही दोष नव्हता. (अगदीच नव्हता असं नाही, पण कोट फाटण्याइतका नव्हता.)

ता. क. ३. सोबतच्या पार्सलात कोट आहे. चार ओळी घातल्या आहेत, मध्ये फुली. आतल्या खिशात कार्ड आहे, त्यावर तारीख आणि माझी सही. रविवारी मी परक्याच्या टाक्यावर आभाळातून खाली येणार आहे. तू आपल्या बहिणीच्या टाक्यावर एकदा वाकून बघ.