औषध तेच, कंपनी दुसरी

प्रिय धाकटे,

तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार आहे. रोज सकाळी तू मला 'गोळी?' एवढाच निरोप पाठवतेस. ना कर्ता, ना क्रियापद, ना दादाविषयी काडीचा आदर. आपलं एक मूत्रपिंड दिलंस म्हणून एवढा तोरा? तुझी वहिनी म्हणते, विचारते आहे तेच नशीब समजा. घरात माझी बाजू घेणारं कोणी उरलेलं नाही.

घेतो गं. सकाळ-संध्याकाळ, तिच्या पहाऱ्यात. तुझं मूत्रपिंड माझ्या शरीराला परकं वाटतं; शरीराने त्याच्यावर धावून जाऊ नये म्हणून हे औषध. एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, आणि माझ्या रक्ताला तू पाहुणी! मला याचं भारी नवल वाटतं.

मागच्या महिन्यात दुकानात नेहमीची कॅप्सूल नव्हती. दुकानदार म्हणाला, औषध तेच आहे सर, फक्त कंपनी दुसरी. समानार्थी शब्द शिकवण्यात माझा जन्म गेला, संशय कसा यावा? घेतली. परवा तपासणीसाठी रक्त दिलं. ते सकाळच्या कॅप्सूलच्या आधी द्यायचं असतं, म्हणजे संध्याकाळचं औषध रक्तात किती उरलं ते कळतं. ते फारच कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, कंपनी बदललीत का? मी थक्क! रक्तात कंपनीचं नाव दिसतं की काय? त्या म्हणाल्या, दिसत नाही हो, पण बरेच जण हेच करतात. औषध तेच असलं तरी प्रत्येक कंपनीचं रक्तात सारखं उतरेलच असं नाही. कमी पडलं तर शरीर मूत्रपिंडावर उठतं, जास्त झालं तर औषधच त्याला इजा करतं. म्हणून कंपनी त्यांना विचारूनच बदलायची, आणि बदलली की लगेच रक्त तपासायचं. चिठ्ठीवर त्यांनी कंपनीचं नाव ठळक लिहिलं होतं. मी ती जाहिरात समजलो. मग मी इतक्या शंका काढल्या की त्या म्हणाल्या, सर, बाहेर रांग लागली आहे.

जुनी कॅप्सूल पुन्हा सुरू झाली आहे. पण रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलंय. सोमवारी सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून बघणार आहेत, शरीराने हल्ला केला आहे का ते. काल फोनवर तू विचारलंस तेव्हा मी 'उत्तम' म्हणालो. तोंडाने सांगवलं नाही, म्हणून लिहितो आहे. सुईचं मला काही वाटत नाही. तू दिलेलं माझ्या हातून वाया गेलं असेल का, याची भीती वाटते.

तुझाच, जरा घाबरलेला,
दादा