सुमनची रीत

चाकूर, ६ फेब्रु.
आज तपासणी. नवा जिल्हा झाल्यापासून साहेब लातूरहून येतात. आठवीवर माझा गणिताचा तास. फळ्यावर घातलं: खड्डा २५ फूट लांब, १६ रुंद, ३ खोल. घनफळ काढा. मी खडू खाली ठेवायच्या आत सुमन उठली, "बाराशे, सर." वही पाहिली. नुसतं उत्तर, एक पायरी नाही. साहेब बघत होते. म्हणालो, "कुणाचं बघितलंस? तुमच्या बौद्धवाड्यात कोण शिकवतं गं हे?" वर्ग हसला. तास संपेपर्यंत तिला उभी ठेवली.
साहेब जाताना म्हणाले, शिस्त चांगली आहे. तेव्हा बरं वाटलं. आता...

१० फेब्रु.
सुमन चार दिवस गैरहजर. मी कुणाला विचारलं नाही.

१३ फेब्रु.
घरी हिनं सांगितलं, सुमन आईबरोबर दुष्काळी कामावर जाते, पाझर तलावाच्या. दुपारी सायकल काढली.
मुकादम कागदावर गुणाकार करत होता. मजुरी खोदलेल्या मापावर. बायका सुमनभोवती, एक म्हणाली, "पंचवीस लांब, बारा रुंद, दोन खोल." सुमन म्हणाली, "पंचवीस चोक शंभर. बारात तीन चोक. तीन दुणे सहा. सहाशे, मावशी." मुकादमाचा हातचा अजून चालूच.
म्हणजे त्या दिवशी: सोळात चार चोक, चार त्रिक बारा. बाराशे. वीस वर्षं शिकवतोय, मी मुलांना उभी मांडणीच करायला लावली. तिला एकदाही विचारलं नाही, कसं काढलंस?
"सुमन, शाळेत ये."
"माझं बरोबर होतं न्हाई का, सर?"
"हाव. बरोबर होतं."
"मग वर्गात सांगा की."
तिच्या आईनं टोपली उतरवली. "गुरुजी, छडी मारली असती तर चाललं असतं. वस्ती कशाला काढली?"
आलो परत.

१४ फेब्रु.
आठवीवर सुमनची रीत शिकवली. मागच्या बाकालाही लगेच कळली. म्हणालो, "ही सुमनची. तिचं बरोबर होतं, मी चुकलो." पुढचं वाक्य तयार होतं, वस्तीचं. तोंडातून निघेना. घंटा झाली.
शाळा सुटल्यावर तलावाच्या कामावर गेलो. आई भेटली.
"सांगितलं का, गुरुजी?"
"हाव."
"समदं?"
मी सायकलच्या हँडलकडं बघत राहिलो. तिनं टोपली डोक्यावर घेतली. सुमन खाली खड्ड्यात होती. तिनं वर बघितलं नाही.
उद्या आठवीवर पहिलाच तास.