कच्चा हात

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक गिटार आणि मी, चौघीही शाबूत. दादा स्टेशनवर घ्यायला आला होता आणि नेहमीप्रमाणे चुकीच्या फलाटावर उभा होता. दादाच्या घरात मला दिलेली खोली एवढीशी आहे, पण खिडकी मोठी. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, समोर लॉन्ड्री. सोमवारपासून संगीतशाळेत गिटार शिकवायची. महिनाअखेरीस मुख्याध्यापिकाबाईंसमोर एक रचना वाजवून दाखवायची, की नोकरी पक्की. त्याची मला काडीचीही काळजी नाही. जी वाजवणार आहे ती मी शाळकरी होते तेव्हापासून वाजवतेय.

वहिनीशी पहिल्यांदाच धड बोलले. दोघांनी लग्न परस्पर उरकलं, त्यामुळे घरच्यांना ती फोटोपुरतीच माहीत. नाजूक आहे, गोड आहे, कमी बोलते. आणि तिचे लाड तरी किती! दादा तिला संत्रं सोलून देतो, तिची वेणी घालतो, वाकून बुटांच्या नाड्या बांधतो. ज्यानं घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाही, तो! आईला कळवलं पाहिजे. मी चिडवलं तेव्हा दोघंही हसली, वहिनी जरा उशिरा.

६ ऑक्टोबर, रविवार

दादाचा बँड ऐकला. बँड म्हणजे काय, तर दादा किंचाळणार आणि क्लच ड्रम बडवणार. हा क्लच ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकाऊंवर दिवसभर क्लच, क्लच असं ओरडून त्याचंच ते नाव पडलं. त्याच्या ऑफिसमागे टायरचं गोदाम आहे, तिथे रविवारी दुपारी यांची मैफल. तालीम वगैरे करायची नाही. एकदाच वाजवायचं, जुन्या टेपरेकॉर्डरवर उतरवायचं, चुकलं तर चुकलं. ब्लॅक मेटल म्हणतात याला. मला तर वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाटं ओढतंय असंच वाटलं.

हसू दाबत विचारलं, की अरे, दोघांनाही काही म्हणजे काही येत नाही, मग हा खटाटोप कशाला? दादा रागावला नाही. म्हणाला, सफाईनं वाजवलेलं ऐकून लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. इथे सफाई कामाची नाही. कच्च्या हातानं वाजवलेलं कधी कधी असं आत घुसतं की माणूस जेवण विसरतो. मी म्हटलं, लहानपणी गिटारच्या सरांनी तुला क्लासमधून काढलं म्हणून ही पळवाट शोधलीस होय? मग त्यानं एक जुनी टेप लावली. तीत गिटारही होती. तीनच स्वर, तेही अडखळत. ऐकताना रोजचा जिना उतरतोय आणि पायाखालची एकेक पायरी नाहीशी होतेय, असं वाटत राहिलं. अंगावर सर्रकन काटा आला. कोण वाजवतंय, म्हणून विचारलं. होतं कुणीतरी, आता नाही वाजवत, एवढंच तो म्हणाला. आणि म्हणाला, तू ये की आमच्यात.

१३ ऑक्टोबर, रविवार

गेले. आधी मुद्दाम चुका केल्या, दोन-तीन ठिकाणी, बऱ्यापैकी कलात्मक! दादानं टेप बंद केली. म्हणाला, हे नाटक झालं. तू फक्त वाजवत राहा, चूक आपली आपण येईल.

आणि आली. तिसऱ्या फेरीत करंगळी पडायची तिथे पडलीच नाही. तार कुरकुरली, स्वर घसरला, आणि गोदामातली हवाच बदलली. क्लच ड्रम बडवता बडवता रडत होता. टेप परत ऐकली तेव्हा माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. इतक्या वर्षांच्या रियाजात मला हे सापडलं नव्हतं. हरले मी, दादाचं खरं आहे.

त्यानं डोक्यात टपली मारून शाब्बास म्हटलं. लहानपणी मला मिळालेली प्रत्येक शाबासकी त्याला बोचायची. सर माझं कौतुक करत आणि तो दाराबाहेर चपला घालत असे. त्याच्या तोंडून शाब्बास ऐकायची माझी किती इच्छा होती, ते आज कळलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

वर्गात साधी सरगम दाखवत होते. करंगळी पुन्हा पडली नाही. मुली भल्या आहेत, त्यांनी वह्यांत डोकं घातलं. हवा गार झालीय, त्यामुळे असेल.

२० ऑक्टोबर, रविवार

आजचं सगळ्यात जबरदस्त झालं. आता दोन बोटं ऐकत नाहीत आणि त्यातून जे निघतं ते भयंकर आहे, सुंदर आहे. दादानं मिठी मारली. त्याला आवरेना.

२३ ऑक्टोबर, बुधवार

बाईंसमोर वाजवायची रचना काढून बसले. पहिली ओळ आली. दुसरी—हात नुसता तारांवर ठेवलेला. कुठे जायचं ते त्याला माहीतच नाही. विसरणं वेगळं. मला सगळं आठवतंय, हाताला आठवत नाही.

सकाळी शर्टाचं बटण लावायला किती वेळ लागला! दादाला सांगायला गेले, तर माझं वाक्य संपायच्या आत म्हणाला, की दमली असशील. मी काय सांगणार ते त्याला आधीच ठाऊक असल्यासारखं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

क्लचला ऑफिसात गाठलं. त्या टेपवर कोण आहे, सांगा म्हटलं. त्याला वाटलं मला माहीत आहे. म्हणाला, तुमची वहिनीच की. असा हात आम्ही जन्मात ऐकला नव्हता. इथे यायला लागली आणि रविवारागणिक गेला. आता चमचासुद्धा धरवत नाही बिचारीला. आम्हा दोघांना काही येतच नाही, त्यामुळे आमचं काही जात नाही. पण नुसतं आमचं वाजवणं म्हणजे टायर आपटणं. कुणाचं तरी जाताना ऐकू यावं लागतं. मग विचारलं, दादानं सांगितलं नाही तुम्हाला?

म्हणजे कच्चा हात नव्हेच तो. कच्चा होत जाणारा हात! आणि मी मेली त्याला कला समजून रडले.

दादाला जाब विचारला. म्हणाला, तुझ्याकडे इतकं होतं, थोडं गेलं तर काय, असं वाटलं.

थोडं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

निघणार होते. बॅगेची चेन ओढता येईना—

वहिनी खोलीत आली. पहिल्यांदाच इतकं बोलली. म्हणाली, गेलेलं कुठे जात नाही, गोदामातच असतं. तिथे एकदा तुझी ती रचना नीट वाजव. जीव ओतून, एकही चूक न करता. सगळं परत हातात येईल. मला हे कुणी सांगितलं नाही गं, म्हणून माझं गेलं.

दोघी रडलो. या घरात माझं म्हणावं असं एक तरी माणूस आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

वाजवली. गोदामात पाऊल टाकलं आणि बोटं जागी झाली. दादा किंचाळला नाही, क्लचनं काठ्या उचलल्या नाहीत. वहिनी आली होती. माझ्यासमोर टायरवर बसली, दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून. एकही स्वर चुकला नाही. आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. शेवटच्या स्वराला हात एकदम हलके—

टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. त्यात टेप नव्हती. दादानं आज घातलीच नव्हती. त्याला ठाऊक होतं, आजचं टेपवर उतरणारच नव्हतं—

गिटार पडली हातातून. उचलायला कुणी वाकलं नाही. सगळे वहिनीकडे बघत होते.

२८ ऑक्टोबर

पेन मुठीत धरलंय. एका पानावर चारच शब्द मावतात—

वहिनीनं सुईत दोरा ओवला. एका झटक्यात. माझ्यासमोर. माझ्याकडे न बघता—

मग पलीकडच्या खोलीत गिटार. माझी. रचनाही माझी. मी श्वास घेते तिथेच ती घेते—

दादा रडतोय. तिच्यासाठी. आनंदानं. माझं काढून तिला—दोघांनी मिळून—

हाका मारल्या. आला. दारातूनच म्हणाला, हळू रड गं, तिचं लक्ष जातंय—

दार ओढून घेतलं

दादा मी तुझी सख्खी